शेवटच्या रांगेतलं वजन

१

मागारी बेटावर विमान थांबलं, दोन्ही इंजिनं बंद झाली, की तोमोरी सेइजुन मागे वळून पाहत नसे. गुडघ्यावर वही उघडून तो उतरल्याची वेळ लिहू लागे. मागे दारं उघडत, माणसं पायरीवर पाय देऊन खाली उतरत, आणि दर माणसागणिक विमान जरासं दबून वर येई. जू काढल्यावर म्हातारा बैल मान हलवतो तसं. आठ माणसं असली तर आठ वेळा. सेइजुन ते पाठीनेच मोजायचा. आठव्यांदा विमान हललं की वही मिटायची आणि मग खाली उतरायचं. एकतीस वर्षांत ही मोजणी कधी चुकली नव्हती.

विमान लहान होतं. दोन-दोन खुर्च्यांच्या पाच रांगा. पुढे डावीकडे सेइजुन, त्याच्या शेजारी एखादा उतारू, ज्याला फक्त 'कशाला हात लावू नका' एवढंच सांगायचं. मधून चालायला वाट नव्हती. बाजूच्या दारातून वाकून आत शिरायचं, आपल्या रांगेत बसायचं, आणि उतरेपर्यंत तिथून हलता यायचं नाही.

कोण कुठे बसणार ते काटा ठरवायचा. बेटावर तो काटा योनामिने कात्सुच्या ताब्यात होता. तिकीट, सामान, रेडिओ, आग विझवायची बादली आणि धावपट्टीवर आलेल्या शेळ्या, हे सगळं कात्सुच बघायचा.

"काकू, भोपळा खाली ठेवायचा नाही. हातात घेऊन काट्यावर उभं राहायचं," तो म्हणायचा.

"म्हणजे भोपळ्याचं वजन माझ्या नावावर?"

"विमानाला नाव कुठे कळतं? वजन कळतं."

"मेल्या, आकडा मोठ्याने वाचलास तर बघ."

कात्सु आकडा कधीच मोठ्याने वाचत नसे. कागदावर लिहून तो सेइजुनच्या हातात द्यायचा. सेइजुन कागद न बघता खिशात घालायचा, कारण विमानाने चाकं उचलली की त्याच्या तळहाताला सगळं कळायचं. किती माणसं, किती सामान, पुढे किती, मागे किती. तरुणपणी तो पैज लावून सांगायचा आणि जिंकायचा. आता एकोणसाठ पूर्ण झाली होती. पैजा बंद झाल्या होत्या. सकाळी उठताना कंबर धरायची, दुपारी डोळे चुरचुरायचे, आणि हिवाळा यायच्या आत निवृत्ती येऊन हे सगळं संपणार म्हणून त्याला दुःखही वाटत नव्हतं. थकवा तेवढा होता.

मागारीची धावपट्टी आठशे मीटरची. उत्तरेच्या टोकाला समुद्र. दक्षिणेच्या टोकाला चढ, चढावर ऊस, माथ्यावर पाण्याची टाकी. टाकीपलीकडे जमीन उतरत जाते आणि पुढे उथळ पाण्यात काळे खडक लागतात. उत्तरेचा वारा असला की त्या खडकांवरून, टाकीला वळसा घालून विमान आणावं लागे. तेव्हा बेटावरची जुनी माणसं खिडकीतून न बघता मांडीकडे बघत बसत. तिथे बुडालेली माणसं तिथलीच होऊन राहतात, त्या बाजूला बघायचं नाही, तिथे कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे सेइजुनलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण विमान चालवणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. तो बघायचा. बोलायचा मात्र नाही.

२

फेब्रुवारीच्या मध्याला विमान जड झालं.

सकाळी मागारीहून चार माणसं घेऊन तो नाहा शहराकडे निघाला. चार माणसांत विमान जिथे उचलायचं, तिथे ते उचललं नाही. आणखी साठ-सत्तर पावलं पळालं. वर आल्यावर शेपूट खाली ओढू लागलं. गुडघ्याशेजारचं तोल साधायचं चाक त्याने दोन बोटं पुढे फिरवलं, तेव्हा कुठे नाक सरळ झालं. मागे कुणीतरी बसलंय, तळहात म्हणाला. शेवटच्या रांगेत. अडुसष्ट किलो.

शेवटची रांग रिकामी होती. सेइजुनने मान वळवून पाहिली. दोन खुर्च्या, दोन पट्टे. उजव्या खुर्चीचा पट्टा लावलेला होता.

नाहाला चार माणसं उतरली. विमान चार वेळा हललं.

दुपारी मागारीला परत आल्यावर त्याने कात्सुला बाजूला घेतलं.

"मागे काही ठेवलं होतंस का रे? तांदळाचं पोतं वगैरे?"

"ठेवलं असतं तर मीच खाल्लं नसतं?"

"चेष्टा नको. शेपूट जड आहे."

कात्सुने सामानाचं दार उघडून आत डोकं घातलं. एक छत्री निघाली, तीही मोडकी. "ही बघ तुझी चोर," तो म्हणाला. मग सेइजुनचा चेहरा पाहून त्याने छत्री हळूच काखेत धरली. "परवाच्या त्या पावसात आपटलं होतंस. तेव्हाच काही वाकलं असेल."

सेइजुनलाही तेच वाटत होतं. परवा म्हणजे ज्या दिवशी याबिकुच्या घरची माणसं नाहाहून परतली, त्या दिवशी. याबिकु झेनतोकु, जुना होडीवाला, नाहाच्या दवाखान्यात वारला होता. देहाचं सगळं तिकडेच आटोपलं. मग रीतीप्रमाणे त्याची बायको कामादो, तो ज्या पलंगावर गेला त्यापाशी जाऊन त्याच्या आत्म्याला घरी आणायला निघाली. शेवटच्या रांगेतली उजवी खुर्ची तिने त्याच्यासाठी मागून घेतली होती. पट्टाही तिनेच लावला. बेटावर असं करतात. नाहाच्या तिकिटाच्या खिडकीवरची मुलगीही अशा वेळी त्या खुर्चीपुढे कागदावर एक आडवी रेघ ओढते आणि काही विचारत नाही.

त्या दिवशी उतरताना पाऊस असा कोसळला की धावपट्टी दिसेना. सेइजुनने विमान कसंबसं खाली टेकवलं, चांगलंच आपटलं. मागे रडारड झाली. "उतरा, पटकन उतरा," म्हणून त्यानेच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

३

नाहाच्या शेडमध्ये मिस्त्रीने विमान रिकामं केलं, तिन्ही चाकांखाली काटे लावले आणि वजन घेतलं. पुस्तकात होतं तेवढंच. एक किलो इकडे नाही, तिकडे नाही. पंख तपासले, शेपटीचे दोर ओढून पाहिले, फळ्या उचलून खाली बॅटरी मारली. काही नाही.

"तोमोरीसान, विमान ठीक आहे," मिस्त्री म्हणाला. विमान या शब्दावर त्याने जरा जोर दिला.

सेइजुनला ते कळलं. एप्रिलमध्ये डॉक्टरांची तपासणी होती. काटा म्हणतो विमान हलकं, हात म्हणतात जड. मग बिघाड हातांतच. हे त्याने कुणाला सांगितलं, तर त्याच दिवशी किल्ली काढून घेतील, आणि घेतली तर चूक नाही. त्याने घरी मनगटं दाबून पाहिली. दुधाच्या बाटल्या उचलून कुठली किती भरली आहे ते डोळे मिटून ओळखून पाहिलं. सगळ्या बरोबर ओळखल्या.

तरी दर फेरीला मागे ते वजन असेच. तो मनातल्या मनात ते धरून चालू लागला. काठीला बांधलेलं ओझं खांद्यावर घेतलेला माणूस जसा एका खांद्याने वाकून चालतो, तसा. उतारूंपैकी दणकट माणसांना पुढे बसवा, असं तो दोन्हीकडे सांगू लागला. धावपट्टीची शंभर पावलं जास्त धरू लागला. आणि रोज विमान थांबलं की पाठीने मोजू लागला. सहा चढले, सहा उतरले. आठ चढले, आठ उतरले. मागचं ते वजन मात्र उतरत नव्हतं. सगळे गेल्यावर तो थोडा वेळ खुर्चीत बसून राही. बंद विमानात इंजिनं गार होताना टक् टक् वाजतात. त्या आवाजांच्या मधे शेवटच्या रांगेतून पट्ट्याच्या कडीचा एक बारीक आवाज यायचा. कुणी बसल्या जागी बूड सरकवावं तसा.

उन्हाने धातू प्रसरण पावतो, हे त्याला माहीत होतं. ढगाळ दिवसाचं काय, हे तो स्वतःला विचारत नव्हता. विचारायचा कंटाळा आला होता.

४

मार्चच्या शेवटी एका सकाळी नाहाच्या खिडकीपाशी कामादो उभी होती. शहात्तर वर्षांची, मुठीएवढी बाई. हातात जांभळ्या कापडाची गाठोडी.

"सेइजुन, ओळखलंस का?"

"काकू, तुम्हाला नाही ओळखणार? तुमच्या अंगणातले पेरू चोरून मोठा झालोय मी."

"ते मोजलेत मी. सतरा अजून यायचेत तुझ्याकडून." ती हसली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची बाही धरून त्याला खांबाआड नेलं. "हे घरी पोचले नाहीत रे."

"कोण?"

"कोण काय, हे! त्या दिवशी दवाखान्यातून मी सगळं सांगत आणलं त्यांना. अहो, आता जिना आहे. अहो, आता टॅक्सीत बसायचं. अहो, हे विमान, ही तुमची खिडकी. आणि तिकडे उतरलो तर तो मेला पाऊस. मी घसरून पडले. पोराने उचलून गाडीत कोंबलं. घरी उदबत्ती लावली, भात ठेवला, सगळं केलं. पण घर काही तसं वाटेना. माणूस नुसता बाहेर गेलेला असला की घर कसं असतं? दाराकडे कान लावून? तसं. मला वाटलं म्हातारपण आहे, होत असेल असं."

"मग?"

"काल परत दवाखान्यात गेले. त्या पलंगाशी उभं राहून हाक मारली. तिथे नाहीत. रात्रभर विचार केला आणि पहाटे आठवलं. उतरा म्हणून मी सांगितलंच नाही त्यांना."

"मी सांगितलं होतं, काकू. सगळ्यांना ओरडून सांगितलं. उतरा म्हणून."

"ते सगळ्यांना. ह्यांचं नाव घेतलंस का? अरे, जेवायला चला असं मी येऊन म्हटल्याशिवाय हा माणूस कधी उठला नाही. पंचावन्न वर्षं."

तो खिशातल्या कागदावर अंगठा फिरवत राहिला.

"आज एकोणपन्नासावा दिवस," कामादो म्हणाली. "संध्याकाळी ताट मांडलं की झालं. त्यानंतर माणूस जिथे असेल तिथलाच होतो. मला आज त्यांना घरी न्यायचंय, सेइजुन. एवढं कर."

"काकू," त्याने विचारलं, "काकांचं वजन किती होतं?"

"शेवटी काय, काडी राहिली होती. पण होडीवर होते तेव्हा अडुसष्ट. एवढ्याने कधी कमी नाही, जास्त नाही. तुला रे काय करायचंय?"

"काही नाही," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला आपल्या हातांबद्दल बरं वाटलं.

त्याने खिडकीवरच्या मुलीला सांगून शेवटच्या रांगेतली उजवी खुर्ची रिकामी ठेवली. कामादोला आपल्या शेजारी पुढे बसवलं.

"मी तुमच्या गुडघ्यावर थाप मारीन," तो म्हणाला. "चाकं टेकली, विमान थांबलं, की. तेव्हाच सांगायचं. त्याआधी नाही."

"पंचावन्न वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "मला शिकवतोस?"

५

कामादो धरून आठ माणसं होती. हवा फार चांगली होती. फारच चांगली. दक्षिणेचं वारं, उबदार, अंगाला चिकटणारं. रेडिओवर कात्सु म्हणाला, "इकडे ऊन आहे. लवकर ये पण. हे वारं मला आवडत नाही."

चांद्र दुसऱ्या महिन्यात या समुद्रावर वारं फिरतं. सकाळी दक्षिणेचं असतं आणि एका चहाच्या वेळात उत्तरेचं होतं. बेटावर त्याला काजिमाई म्हणतात. होड्यांची माणसं त्या महिन्यात किनाऱ्याकडे पाठ करत नाहीत. सेइजुनने उत्तरेकडे पाहिलं. क्षितिज स्वच्छ होतं. सकाळी हवामानाच्या कागदातही काही नव्हतं. परत फिरावं असं काहीच कारण नव्हतं, आणि शेजारी ती गाठोडी मांडीवर घेऊन बसली होती.

वीस मिनिटांनी बेट दिसलं. दक्षिणेच्या वाऱ्याला तोंड करून उतरायचं म्हणून त्याने उत्तरेच्या बाजूने विमान खाली घेतलं. समोर समुद्र, मग धावपट्टी, तिच्या टोकाला ऊस आणि टाकी.

तेव्हा शेपटीकडचं ओझं हललं.

त्याला आधी वाटलं, झोत लागला. पण तोलाचं चाक फिरवावं लागलं, तेही मागे. शेपूट हलकं झालं होतं. चौथ्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, "अहो, मागून गुडघा काय लावताय?" आणि तिच्या मागच्या माणसाचं उत्तर, "मी? मी तर इकडे डाव्या खुर्चीत आहे!"

सेइजुनने चाक आणखी मागे घेतलं. नाक जड होत चाललं होतं.

"कोण ढकलतंय?" तिसऱ्या रांगेत कुणी सुतार होता, तो म्हणाला. "ओ, बसून घ्या! पट्टे लावा म्हणून सांगितलंय ना!"

गाव जवळ आलं की बसमध्ये एखादा म्हातारा थांबा यायच्या आधीच उठून पुढे यायला लागतो. अगदी तसंच. फक्त या विमानात पुढे यायला वाट नव्हती.

मग उजेड गेला. कुणी पडदा ओढावा तसा मागून अंधार आला, आणि त्याबरोबर थंडी. काचेवर पाऊस मुठीने आदळला. वारं फिरलं होतं. जे तोंडावर होतं ते आता पाठीत बसलं. विमान एकदम खाली गेलं, मग पुढे फेकल्यासारखं धावू लागलं. धावपट्टीचं टोक पायाखालून गेलं, पांढऱ्या रेघा गेल्या, शेळ्यांचं कुंपण गेलं. चाकं टेकायला तयार नव्हती.

सेइजुनच्या मानेवर दुसऱ्या रांगेतून ओलसर, खारा श्वास आला. त्या रांगेत साखर कारखान्याचा कारकून आणि त्याची बायको बसली होती. दोघं गप्प होती. फारच गप्प.

धावपट्टी संपत आली होती. इथे उतरता येणार नाही. त्याने हे स्वतःला शांतपणे सांगितलं, शेजारच्याला सांगावं तसं. परत वर. एकच काम. त्याने इंजिनांचे दोन्ही दांडे पूर्ण पुढे रेटले आणि सुकाणूची मूठ छातीकडे ओढली.

नाक वर येईना. पाऊस फाटून समोर टाकी दिसली. तिच्यावरचे गंजाचे ओघळ दिसले. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. ओढ त्याच्याइतकीच दुसरीकडून होती, आणि ती रागाची नव्हती. घर दिसल्यावर माणूस जसा नुसता पुढे वाकतो, तेवढीच.

"काका, अजून नाही," तो म्हणाला. "अजून नाही हो."

दांडे रेटताना त्याच्या हाताचं कोपर कामादोच्या गुडघ्यावर आपटलं होतं.

तिने डोळे मिटून घेतले होते. तिला ती थाप वाटली. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो झेनतोकु, पोचलो आपण. उतरा आता."

वीस मीटर उंचीवर, पूर्ण जोरात ओरडणाऱ्या इंजिनांखाली विमान जरासं दबलं आणि वर आलं. म्हाताऱ्या बैलाने मान हलवावी तसं.

मूठ एकदम छातीवर आली. नाक उचललं, टाकीचं छप्पर चाकांखालून निघून गेलं. विमान कागदासारखं हलकं झालं होतं. ऊस गेला, उतार गेला. वळण घेताना पंख कलला आणि सेइजुनची नजर, नको असताना, खाली गेली.

खडकांवर, गुडघाभर पाण्यात, पावसात कुणीतरी उभं होतं. तोंड वर करून. बस चुकलेला माणूस एक हात वर करतो, तसा हात वर होता. एकच क्षण दिसला. मग ढग आला. त्या माणसाच्या मागे पाणी नुसतंच काळं होतं की काय होतं, हे नंतर त्याने कधी नीट आठवून पाहिलं नाही.

६

एक तप वाटलं तरी घड्याळात अकराच मिनिटं झाली होती. सरी पुढे सरकल्या, आणि उत्तरेच्या वाऱ्याला तोंड करून त्याने विमान अलगद उतरवलं. इंजिनं बंद केली. वही उघडली. वेळ लिहायची राहूनच गेली. मागे दारं उघडली. माणसं एकमेकांना धरून उतरली. तो मोजत होता. सात.

कामादो शेजारीच बसून होती.

"उतरले ना रे?" तिने विचारलं. "तू थाप मारलीस तेव्हा मी लगेच सांगितलं. मला वाटलं त्यांचा हात खांद्याला लागून गेला."

सेइजुनने तिच्याकडे पाहिलं. तिचे केस ओले नव्हते, पण उजव्या खांद्यावर कापड भिजलेलं होतं.

"उतरले, काकू," तो म्हणाला. "मी पाहिलं."

"खरंच पाहिलंस?"

"खरंच पाहिलं."

ती रडली थोडीशी. मग गाठोडी सावरून खाली उतरली आणि विमान आठव्यांदा हललं. कात्सुने तिला गाडीपर्यंत नेलं. संध्याकाळी तिने सेइजुनसाठी डबा पाठवला. ताटातला भात, तळलेलं डुकराचं मांस, समुद्रशेवाळ, एक पेरू. कात्सु म्हणाला, "म्हातारी सांगत होती, आता घर घरासारखं वाटतंय." मग म्हणाला, "तू का खात नाहीस?"

"खातो," सेइजुन म्हणाला. पेरू त्याने हातात धरून ठेवला. किती वजनाचा आहे ते हाताला बरोबर कळत होतं.

७

त्यानंतर विमान हलकं झालं. कागदावर असेल तेवढंच. मिस्त्रीने पाठीवर थाप मारली. एप्रिलच्या तपासणीत डॉक्टरांना काही सापडलं नाही. सेइजुन मात्र रात्री झोपेत विमानाची मूठ ओढल्यासारखे हात ओढत असे, असं त्याची बायको म्हणायची.

कामादोच्या घरासमोरून जायचं तो टाळू लागला. ती ओट्यावर बसून दोन पेल्यांत चहा ओतताना दिसे. तिच्याशी तो खोटं बोलला नव्हता. पाहिलं होतं, हे खरंच होतं. कुठे, तेवढं तिने विचारलं नव्हतं.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी उतारू कुणी नव्हते. टपाल, वर्तमानपत्रं, पावाच्या दोन पेट्या. आकाश धुतल्यासारखं, उत्तरेचं मंद वारं. खडकांवरून यायचं होतं. सेइजुनने नेहमीपेक्षा विमान खाली घेतलं. पाणी उथळ, हिरवं, तळ दिसत होता. कुणी नव्हतं. कुणी असायचं कारणही नव्हतं.

लाज वाटत असताना माणूस बोलतो तसं तो तोंडातल्या तोंडात बोलला. झेनतोकु हे नाव जिभेवर आलं होतं, पण त्या जागी नाव घ्यायचं नाही, ही जिभेची पन्नास वर्षांची सवय होती.

"चला, बसा," तो एवढंच म्हणाला. "पोचवतो घरी."

मूठ जड झाली. अडुसष्ट, तळहात म्हणाला, आणि सेइजुनचे डोळे भरून आले. मग तळहात पुढे म्हणतच राहिला. त्याने चाक फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत फिरवलं. इंजिनांचा आवाज खाली बसला. टाकी फार जवळून गेली. चाकं टेकली तेव्हा विमान कण्हलं, आणि धावपट्टीच्या अगदी शेवटच्या रेघेवर येऊन थांबलं.

त्याने इंजिनं बंद केली. पेट्यांमधून पावाचा वास येत होता. त्यावर ओल्या दोरखंडाचा वास होता.

"पोचलो," तो म्हणाला. "उतरा."

विमान जरासं दबलं आणि वर आलं. सेइजुनने कपाळ मुठीवर टेकवलं. झालं. एवढंच करायचं राहिलं होतं. त्याने वही घेतली आणि वेळ लिहायला सुरुवात केली.

विमान पुन्हा दबलं आणि वर आलं.

मग पुन्हा.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. लिहिणंही थांबवलं नाही. नऊ झाले. दहा झाले. या विमानात दहाव्याला जागा नव्हती. अकरा. कुणी हलकं होतं, कुणी जड. एक फारच हलकं होतं, दोन-तीन वर्षांचं असावं.

कात्सु हातगाडी ढकलत आला आणि दाराच्या कडीला हात घालू लागला. "आज रिकामाच ना रे?" तो म्हणाला. "सरक, पेट्या काढू दे."

सेइजुनने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा, कात्सु," तो म्हणाला. "अजून उतरताहेत."